दुखण्याची गोळी आणि घरातली बाकीची औषधे



या सदरात मी बहुधा शिष्यवृत्तीचे अर्ज, जातीचे दाखले, पेन्शनची रखडलेली प्रकरणे अशा कागदोपत्री गोष्टींविषयी लिहितो. आज औषधांविषयी लिहितो आहे. बी.कॉम. झालेल्या कारकुनाने या विषयात कशाला पडावे, असे कोणी विचारले तर ते रास्तच आहे. परंतु एक गोष्ट माझ्या हातून घडली आहे आणि ती सांगितल्यावाचून मला चैन पडणार नाही.

आमच्या विहाराच्या महिला मंडळात एक मावशी आहेत. वय पासष्टच्या पुढे. ब्लडप्रेशरची गोळी दहा-बारा वर्षांपासून चालू, गुडघेदुखीही तितकीच जुनी. २०२३ च्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर आमच्या वस्तीने भोजनदानाचा स्टॉल लावला होता. मावशी तीन दिवस उभ्या राहून वाढत होत्या. बाहेरगावाहून आलेल्या लेकराबाळांना उपाशी पाठवायचे नाही, हा त्यांचा हट्ट. तिसऱ्या दिवशी दोन्ही गुडघे सुजले. मला म्हणाल्या, "भाऊ, मेडिकलातून एखादी दुखण्याची गोळी आणून दे न गा."

मी गेलो, "दुखण्याची चांगली गोळी द्या" म्हणालो, दुकानदाराने एक स्ट्रिप काढून दिली. चिठ्ठी त्याने मागितली नाही आणि मलाही काही वाटले नाही. मावशींना दुसरी औषधे कोणती चालू आहेत हे त्याने विचारले नाही, मीही सांगितले नाही. गोळी घेतल्यावर दोन तासांत मावशी पुन्हा स्टॉलवर उभ्या राहिल्या आणि मला आशीर्वाद देऊ लागल्या.

त्यानंतर त्यांनी काय केले, तर ती रिकामी स्ट्रिप जपून ठेवली. संपली की नातवाच्या हाती तीच देऊन नवी मागवायची. मधल्या काळात एका खाजगी डॉक्टरकडे गेल्या, त्यांनी वेगळ्या नावाची गोळी दिली. तीही चालू, जुनीही चालू. डिसेंबरमध्ये जुलाब-उलट्या झाल्या. दोन दिवस पोटात पाणी ठरेना, तरी सर्व गोळ्या चालूच. अंग दुखते म्हणून शेजारणीने आणखी एक गोळी दिली. मग पाय सुजले, लघवी कमी झाली. दवाखान्यात नेले तेव्हा रक्तातले क्रिएटिनिन चारच्या वर निघाले. ते साधारण एकच्या आसपास असायला हवे.

ड्यूटीवरच्या डॉक्टर मॅडमनी आधी औषधे मागितली. मावशींच्या सुनेने प्लॅस्टिकची पिशवी पलंगावर उपडी केली. अकरा स्ट्रिपा निघाल्या. त्यांतल्या तीन बाजूला काढून मॅडमनी मला दाखवल्या. तिन्हींची नावे वेगळी, कंपन्या वेगळ्या, रंग वेगळे. बारीक इंग्रजी अक्षरांत मागच्या बाजूला मात्र एकच मजकूर: ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल. त्यांतली एक स्ट्रिप मी आणलेली होती.

मला कचेरीतली वैद्यकीय बिले आठवली. काही वर्षे कर्मचाऱ्यांची बिले तपासून पुढे पाठवण्याचे काम माझ्याकडे होते. एकाच माणसाच्या बिलात हाडाच्या डॉक्टरची एक गोळी, दाताच्या डॉक्टरची दुसरी आणि आत औषध एकच, असे पुष्कळदा दिसे. मी रकमेची बेरीज बरोबर आहे ना एवढेच पाहत असे. औषधाची बेरीज करायची असते हे मला माहीत नव्हते.

आता ती बेरीज कशी करायची ते पाहू. दुखण्याच्या ज्या गोळ्या आपल्या घरांत असतात त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एक पॅरासिटामॉल. क्रोसिन, कॅलपॉल, डोलो ही तिचीच नावे. ही ताप आणि दुखणे कमी करते, सूज फारशी उतरवत नाही. दुसरा प्रकार सूज उतरवणाऱ्या गोळ्यांचा: आयबुप्रोफेन म्हणजे ब्रुफेन, डायक्लोफेनॅक म्हणजे व्होवेरान, ॲसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड, नॅप्रोक्सेन, मुली पाळीच्या दुखण्यासाठी घेतात त्या मेफ्टालमधले मेफेनॅमिक ॲसिड, आणि जुनी ॲस्पिरिन. ही सगळी एकाच घरची भावंडे आहेत. आणि तिसरी गोष्ट म्हणजे या दोन प्रकारांची मिसळ असलेल्या गोळ्या. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन आहे आणि पॅरासिटामॉलही आहे. झेरोडॉल-पीमध्ये ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतेच. मिसळीच्या गोळ्यांनीच आपली माणसे फसतात.

पॅरासिटामॉल योग्य प्रमाणात घेतली तर यांतली सर्वांत निर्धोक. इतर बहुतेक औषधांबरोबर ती चालते. परंतु धडधाकट मोठ्या माणसाला चोवीस तासांत ४००० मिलिग्रॅम ही तिची कमाल मर्यादा. वृद्ध, वजनाने कमी, लिव्हरचा त्रास असलेले किंवा रोज दारू पिणारे यांना डॉक्टर त्याहून कमीच देतात. आता हिशेब करा. तापासाठी ६५० ची गोळी तीन वेळा, झाले १९५०. सर्दीची ५०० पॅरासिटामॉल असलेली गोळी तीन वेळा, झाले १५००. अंगदुखीसाठी ३२५ वाली मिसळीची गोळी दोन वेळा, झाले ६५०. एकूण ४१००. माणूस म्हणेल मी तर साध्याच गोळ्या घेतल्या, एकही जास्त घेतली नाही. आणि मर्यादा ओलांडली गेली. याचा मार लिव्हरवर बसतो आणि पहिला एक-दोन दिवस काही जाणवतही नाही. ज्यांच्या घरी पाचव्या शीलाचे पालन होत नाही त्यांना मी येथे उपदेश करत नाही. एवढेच सांगतो की नेहमी पिणाऱ्या माणसाने अंग दुखते म्हणून या गोळ्या मूठभर खाणे हा लिव्हरचा दुहेरी छळ आहे.

क्षयरोगाचे उपचार चालू असलेल्यांनीही हे लक्षात ठेवावे. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड या तिन्ही औषधांचा ताण लिव्हरवर पडू शकतो. त्यावर पॅरासिटामॉल भरपूर आणि रोज घ्यायची असेल तर उपचार केंद्रावर विचारूनच घ्यावी. डोळे पिवळे दिसले, मळमळ सुरू झाली, तर त्याच दिवशी केंद्रावर जावे. आपल्या मनाने टीबीच्या गोळ्या मात्र बंद करू नयेत.

मावशींचे प्रकरण दुसऱ्या प्रकारच्या गोळ्यांचे. डॉक्टर मॅडमनी मला जे समजावले ते मी माझ्या भाषेत मांडतो. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार होते. दुखणे आणि सूज त्याच्यामुळेच. ब्रुफेन-व्होवेरानच्या घरातल्या गोळ्या ते द्रव्यच तयार होऊ देत नाहीत, म्हणून आराम पडतो. पण हेच द्रव्य जठराच्या अस्तराचे रक्षण करते आणि किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी मोकळी ठेवते. म्हणजे दुखणे थांबवताना आपण पहारेकऱ्यालाही सुट्टी देतो.

किडनीत रक्त गाळणाऱ्या बारीक जाळ्या असतात. रक्त आत आणणारी एक नळी, बाहेर नेणारी एक. आत पुरेसा दाब असेल तर गाळण होते. आपल्या वस्तीत नळाला दाब नसला की दुसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही, तसेच हे. दुखण्याची गोळी आत आणणारी नळी आवळते. ज्या बीपीच्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी 'सार्टन' किंवा 'प्रिल' येते, जसे टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रॅमिप्रिल, त्या बाहेर नेणारी नळी सैल करतात. एरवी त्यांचा फायदाच असतो. तिसरी लघवी वाढवणारी गोळी: हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, फ्युरोसेमाइड. ती अंगातले पाणी कमी करते. पुष्कळदा ती बीपीच्या गोळीतच मिसळलेली असते. नावापुढच्या 'एच' या अक्षराचा अर्थ बहुधा तोच. या तीन गोष्टी एकत्र आल्या की जाळीतला दाब पडतो. मावशींची बीपीची गोळी नेमकी 'एच' वाली होती. त्यात जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी आणखी गेले.

शिवाय या गोळ्या मीठ-पाणी अंगात धरून ठेवतात, त्यामुळे बीपी वाढते. डॉक्टर बीपीची गोळी वाढवत जातात आणि रुग्ण गुडघ्याची गोळी सांगतच नाही, कारण त्याच्या मते ते 'औषध' नव्हेच. माझ्या ओळखीत असे किमान चार जण आहेत.

येथे एक अवांतर गोष्ट. आपल्या वाडवडिलांनी पाहिलेली गिधाडे आठवतात काय? १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितल्यावर मेलेली गुरे ओढायची कामे आपल्या माणसांनी सोडली. तोवर गुराच्या कातडीसाठी आपण आणि मांसासाठी गिधाड, अशी गावाबाहेरची वाटणी होती. नव्वदच्या दशकात भारतातली गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. कारण २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात उजेडात आले: गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याची किडनी बंद पडे. २००६ साली सरकारने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. माणसाची किडनी गिधाडाइतकी नाजूक नाही आणि माणसाला हे औषध डॉक्टर आजही योग्य कारणाने देतात. पण हे औषध म्हणजे चणे-फुटाणे नव्हेत, हे पटायला एवढी गोष्ट पुरेशी आहे.

हृदयाच्या रुग्णांबाबत दोन गोष्टी वेगळ्या सांगितल्या पाहिजेत. ज्यांना इकोस्प्रिन म्हणजे लहान मात्रेची ॲस्पिरिन चालू आहे त्यांनी मनाने ब्रुफेन घेऊ नये. ॲस्पिरिनने रक्तकणांवरच्या ज्या जागी बसायचे, त्या खुर्चीवर ब्रुफेन आधीच जाऊन बसते. ॲस्पिरिन उभीच राहते आणि तिचे रक्षण मिळत नाही. दुसरे, वॉर्फरिन किंवा ॲसिट्रॉमसारखी रक्त पातळ करण्याची गोळी ज्यांना आहे त्यांनी या घरातली कोणतीच गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. पोटात रक्तस्राव होतो. त्यांना पॅरासिटामॉल चालते, पण तीही रोज अनेक दिवस घेतली तर रक्त जास्त पातळ होऊ शकते, म्हणून डॉक्टरला कळवून तपासणी करून घ्यावी लागते. प्रेड्निसोलोनसारखे स्टिरॉइड चालू असेल तरी जठरात जखम होण्याचा धोका वाढतो. मन उदास राहते म्हणून एस्सिटालोप्राम, सरट्रालिन घेणारेही आपल्यात आहेत. लाजेपायी ते सांगत नाहीत. पण त्या गोळ्यांसोबतही या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि ट्रॅमाडॉल या जोरकस गोळीसोबत तर झटके येण्यापर्यंत पाळी जाऊ शकते. शौचाला डांबरासारखी काळी झाली तर वाट पाहू नये.

"आम्ही सोबत ॲसिडिटीची गोळी घेतो" असे पुष्कळ जण मोठ्या विश्वासाने सांगतात. मावशीही घेत होत्या. पॅन्टोप्राझोल जठराला जपते, हे खरे. किडनीला आणि बीपीला मात्र ती जपत नाही.

विदर्भातल्या वाचकांसाठी सिकलसेलविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या बौद्ध समाजात आणि आदिवासी बांधवांत हा आजार घराघरांत आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने त्यासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली. या मुलांचे हातपाय, कंबर, छाती अचानक असह्य दुखते आणि आईबाप घाबरून जी सापडेल ती दुखण्याची गोळी देतात. सिकलसेलचा स्वतःचाच परिणाम किडनीवर होत असतो, आणि दुखण्याच्या वेळी अंगात पाणी कमी असते. तेव्हा सूज उतरवणाऱ्या गोळ्या कोणत्या, किती आणि किती दिवस, हे आधीच, मूल बरे असताना, सिकलसेल केंद्रावर लिहून घ्यावे. भरपूर पाणी आणि मापात पॅरासिटामॉल ही घरची सुरुवात. त्याने भागत नसेल, ताप किंवा दम असेल, तर एकामागून एक गोळ्या न देता दवाखाना गाठावा. हायड्रॉक्सियुरिया चालू असलेल्या मुलाचे कार्ड सोबत न्यावे.

निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांना देण्यास २०११ पासून आपल्याकडे बंदी आहे. घरात मोठ्यांसाठी आणलेली तीच गोळी अर्धी करून मुलाला देणारे लोक मी पाहिले आहेत. मुलांना तापात ॲस्पिरिनही देऊ नये. पावसाळ्यात डेंग्यूची साथ असताना तापाला फक्त पॅरासिटामॉल. ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांनी रक्तस्राव वाढतो. गरोदर भगिनींनी विसाव्या आठवड्यानंतर या घरातल्या गोळ्या मनाने अजिबात घेऊ नयेत. दम्याच्या काही रुग्णांना त्यांनी दम लागतो.

सांधेदुखीच्या पुड्यांबद्दल बोलायचे तर माझा राग आवरत नाही. बाजारात, यात्रेत 'जडीबुटी' म्हणून मिळणाऱ्या अशा पुड्यांत स्टिरॉइड आणि हीच वेदनाशामके मिसळलेली अनेकदा सापडली आहेत. एका दिवसात गुडघा मोकळा करणारी पुडी असेल तर तिच्यात काय आहे याचा संशयच घ्यावा. कोणी सांगितले म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. आपण ते विहारात ऐकतो आणि शेजारीण म्हणाली म्हणून गोळी गिळतो.

मधुमेह असलेल्यांनी किडनीची तपासणी वर्षातून एकदा तरी करावी. किडनी मंदावली की मेटफॉर्मिन अंगात साचू लागते, म्हणजे दुखण्याच्या गोळीचा परिणाम साखरेच्या गोळीवरही जातो.

मग दुखले तर सोसत बसायचे काय? मुळीच नाही. दिवसभर मोलमजुरी करणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या माणसाला दुखणे सोसा म्हणणे हा निर्दयपणा होय. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकचे मलम चोळले तर रक्तात औषध फार थोडे जाते. बीपीच्या पुष्कळ रुग्णांना डॉक्टर आधी तेच देतात. शेक आहे, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आहे. गोळी लागलीच तर कमी मात्रा, थोडे दिवस, आणि एका वेळी त्या घरातली एकच. जुलाब-उलट्या, कडक ऊन, पोटात अन्नपाणी नाही, अशा दिवशी ती नकोच. बीपीची, हृदयाची, साखरेची गोळी मात्र हा लेख वाचून कोणी बंद करू नये. ती आपली नेहमीची रक्षक आहे. विचारायचे आहे ते नव्या गोळीबद्दल.

डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक यांच्या स्ट्रिपवर चौकटीत इशारा छापलेला असतो की नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विक्री करावी. तो इंग्रजीत असतो आणि मुंगीएवढ्या अक्षरांत. ज्यांच्या जिवाचा प्रश्न आहे त्यांना वाचता येईल अशा भाषेत तो का नसावा, हे मला आजवर कळलेले नाही. जनऔषधी केंद्रात गोळी आतल्या औषधाच्या नावानेच मिळते. तेथून औषध घेण्याची सवय लागली तर पैसे वाचतातच, पण निदान एक गोळी तीन नावांनी घरात येत नाही.

डॉक्टर मॅडमनी त्या दिवशी मला एक कोरा कागद दिला आणि मावशींची सर्व औषधे लिहायला सांगितली. ब्रँडचे नाव नको, आतले औषध लिहा, मिलिग्रॅम लिहा, किती वेळा ते लिहा, कोणी दिले ते लिहा. मी खतावणी लिहावी तसे लिहिले. तोच कागद नंतर आमच्या विहारात सर्वांनी उतरवून घेतला. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर लोक औषधांच्या पिशव्या घेऊन थांबतात. वस्तीतली डी.फार्म. झालेली एक मुलगी मागची अक्षरे वाचते, मी लिहितो. आम्ही कोणाला औषध देत नाही की बंद करायला सांगत नाही. दोन स्ट्रिपांत एकच औषध दिसले तर कागदावर खूण करतो आणि कागद डॉक्टरला दाखवा म्हणतो. पहिल्याच रविवारी सतरा पिशव्या आल्या. सहा कागदांवर खूण करावी लागली. त्यांतला एक कागद माझ्या घरचा होता.

मावशींना डायलिसिस लागले नाही. सलाइन, दुखण्याच्या गोळ्या बंद, बीपीची गोळी बदलून दिली. दोन महिन्यांनी क्रिएटिनिन दीडच्या जवळ आले, तेथून खाली आले नाही. त्या मला कधी बोलल्या नाहीत. २०२४ च्या दीक्षाभूमीच्या स्टॉलवर आल्या तेव्हा खुर्चीवर बसून वाढत होत्या. पिशवीत मलमाची ट्यूब होती आणि पदराच्या टोकाला तो कागद, घडी करून बांधलेला. संध्याकाळी गुडघे दुखू लागले तेव्हा मला जवळ बोलावून म्हणाल्या, "भाऊ, आता गोळी नको आणू. मले घरी सोडून दे."

जयभीम.